उत्तरेच्या अरण्यांतील डांस

हिमप्रदेश म्हटला कीं आपणांस थंडी आठवते. डांस कोणासच आठवत नाहींत. १७८४ सालीं चौदा वर्षांचा डेव्हिड थॉम्प्सन हडसन्स बे कंपनीचा उमेदवार म्हणून कॅनडांतील चर्चिलच्या ठाण्यावर उतरला. पुढें नकाशाकार म्हणून विख्यात झालेल्या या गृहस्थानें तेथील उन्हाळ्याची हकीकत लिहून ठेविली आहे. बर्फ वितळून दलदल झाली कीं डांसांचे थवे उठत. अरुंद खिडक्यांशीं ते एकमेकांस तुडवून मरत, आणि दिवसांतून दोनदां झाडून काढावे लागत. एका खलाशानें शिव्या देऊन पाहिल्या. उपयोग होईना, तेव्हां तोंडास डांबर फांसलें. डांस त्यालाच इतके चिकटले कीं डोळे मिटले, आणि पंखांची गुदगुली दंशाहूनहि असह्य झाली! तेथील मूळ रहिवासी मात्र स्टर्जन माशाचें तेल अंगास चोळीत. वास नकोसा खरा. परंतु डांसाची सोंड सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून पाहणाऱ्या थॉम्प्सननेंहि खरा उपाय मानला तो तेलाचाच, आणि त्यांतहि या माशाच्या तेलाचा; तोहि वारंवार करावा लागे. मुक्या जनावरांस तेवढाहि आधार नव्हता. कोल्ह्याकुत्र्यांची दैना तर झालीच, पण दाट पिसांच्या पक्ष्यांनाहि डोळ्यांभोंवतीं आणि मानेवर डांस छळीत, असें तो लिहितो.