लिनोकट

लिनोकट ही छापचित्रकलेतील उठाव मुद्रणाची एक पद्धत आहे. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, न कोरलेल्या उंच भागावर शाई लावून कागदावर त्याचा छाप घेतला जातो. तत्त्व काष्ठछापाचेच असले, तरी लिनोलियमला लाकडासारखे रेषे नसल्याने कोरणी कोणत्याही दिशेने चालवता येते. या पद्धतीत आम्ल वा छापयंत्र लागत नाही. त्यामुळे ती घरीही करता येते.

इतिहास

जवसाचे तेल, राळ, बुचाची भुकटी व तागाचे कापड यांपासून बनणारे लिनोलियम फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये जमिनीवर अंथरण्यासाठी तयार केले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन चित्रकारांनी ते छापचित्रांसाठी वापरले. स्वस्त व शाळकरी मुलांचे माध्यम म्हणून लिनोकटला दीर्घकाळ दुय्यम मानले गेले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाब्लो पिकासो यांनी त्यात विपुल काम केले.

भारतात नंदलाल बोस यांनी दांडीयात्रेतील काठीधारी गांधींचे लिनोकट १९३० मध्ये केले. ‘सहज पाठ’ या रवींद्रनाथ ठाकुरांच्या बालपुस्तकातील चित्रेही त्यांच्याच लिनोकटांची आहेत. मुंबईत दीर्घकाळ राहिलेले चित्तप्रसाद यांनी बालमजुरांचे जीवन लिनोकटांतून मांडले. अनेक प्रती कमी खर्चात निघत असल्याने सामाजिक आशयाच्या चित्रांना हे माध्यम सोयीचे ठरले.

कृती

छाप कागदावर उलटा उमटतो. म्हणून चित्र, विशेषतः अक्षरे, ठशावर उलटी काढावी लागतात. लिनोलियम कडक असल्यास थोडे उबदार केल्यावर ते सहज कापले जाते. ‘व्ही’ आकाराच्या कोरणीने बारीक रेषा आणि ‘यू’ आकाराच्या कोरणीने रुंद भाग काढतात. कोरणी नेहमी शरीरापासून दूर ढकलावी व दुसरा हात तिच्या मागे ठेवावा.

काचेवर पसरलेली शाई रबरी रुळाने ठशावर पातळ थरांत लावतात. त्यावर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने मध्यापासून कडांकडे घासतात. पातळ, चिवट हातकागद यासाठी योग्य असतो. शाई जास्त झाल्यास बारीक रेषा बुजतात. कमी झाल्यास गडद भागात पांढरे ठिपके राहतात. पाण्यात मिसळणारी शाई धुण्यास सोपी असते, पण लवकर वाळते. तेलयुक्त शाई सावकाश वाळत असल्याने कामास अधिक वेळ मिळतो.

एका ठशातून अनेक रंग

पिकासो यांच्यामुळे प्रसिद्ध झालेल्या क्षयपद्धतीत एकच ठसा टप्प्याटप्प्याने कोरला जातो. आधी फिका रंग सर्व प्रतींवर छापतात. मग जेथे तो रंग राहायला हवा तो भाग ठशावरून काढून पुढचा गडद रंग त्याच प्रतींवर छापतात. प्रत्येक वेळी कागद त्याच जागी बसावा म्हणून पुठ्ठ्यावर खुणा करतात. शेवटी ठशाचा थोडाच भाग उरतो, त्यामुळे नंतर नवी प्रत काढता येत नाही. बिघडणाऱ्या प्रती गृहीत धरून आरंभीच काही जादा प्रती छापाव्या लागतात.

प्रतींची नोंद

छापचित्राच्या खालच्या समासात पेन्सिलीने प्रतीचा क्रमांक व एकूण प्रती लिहिण्याची प्रथा आहे. उदाहरणार्थ, ‘३/१०’ म्हणजे दहांपैकी तिसरी प्रत. मूळ ठशावरून कलावंताने स्वतः घेतलेली अशी प्रत्येक प्रत मूळ कलाकृती मानली जाते.