कापडांचं बक्षीस

माझी आत्या कोल्हापुरात घरीच ब्लाउज शिवायची. सिनेमाच्या पुरस्कारांचा कार्यक्रम टीव्हीवर लागला की शिलाई मशीनवर झाकण टाकून ती आमच्यात येऊन बसायची. आम्हा पोरांना हिरो कोण, हिरॉइन कोण याची घाई असायची. तिला वेगळ्याच गोष्टीची. मधेच चहा टाकायला उठली तर स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा, "कापडांचं झालं काय रे?"

बहुतेक वेळा ते होऊन गेलेलं असायचं, फक्त आम्हाला दाखवलेलं नसायचं. जाहिरातींनंतर भराभर चार चेहरे सरकत जायचे. संकलन, ध्वनी, कला दिग्दर्शन, वेशभूषा. नाव वाचून होईपर्यंत पुन्हा नाच सुरू. आत्या पाच मिनिटं वाट बघायची आणि मशीनकडे परत जायची.

तिच्या मशीनच्या खणात, बॉबिन आणि खडूच्या तुकड्यांखाली, वर्तमानपत्रातलं एक कात्रण होतं. त्यावर फोटो होता भानू अथैयांचा. आमच्या गल्लीत त्यांचं माहेरचं नाव राजोपाध्ये म्हणूनच निघायचं, आणि नंतर कोणीतरी "आपल्या कोल्हापूरच्या" असं जोडायचंच. ११ एप्रिल १९८३ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये 'गांधी'च्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. कापड बेतणाऱ्या बाईचं नाव जगासमोर मोठ्यानं घेतलं गेलं, हे आत्याने तेव्हा मनाशी धरलं आणि पुढे सोडलं नाही.

असे सोहळे बघणं मी कधी बंद केलं ते नेमकं आठवत नाही. भांडण झालं नाही की शपथ घेतली नाही. एका वर्षी बघायचं राहिलं, पुढच्या वर्षी कार्यक्रम होऊन गेल्याचं दोन दिवसांनी कळलं. म्हटलं, वय झालं असेल. मग या पुरस्कारांचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा वाटलं की कारण माझ्या वयात नसावं.

सुरुवात अगदी साधी आहे. पहिला ऑस्कर सोहळा १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला. (योगायोग असा, की भानू अथैयांचा जन्मही त्याच वर्षीच्या एप्रिलमधला.) विजेत्यांची नावं तीन महिने आधीच जाहीर झालेली. जेवण झालं, आणि बक्षिसं साधारण पंधरा मिनिटांत वाटून झाली. उत्कंठा, पाकीट फोडणं, कॅमेरा रडणाऱ्या चेहऱ्यावर नेणं हे सगळं नंतरचं. १९५३ मध्ये सोहळा पहिल्यांदा टीव्हीवर दिसला, आणि हळूहळू बक्षीस देणं हे कार्यक्रमाचं निमित्त झालं.

आपल्याकडे १९५४ हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या मेट्रो थिएटरात पहिले फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले. बक्षिसं फक्त पाच: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी, संगीतकार. 'दो बिघा जमीन' सर्वोत्कृष्ट ठरला. त्याच वर्षी पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं. त्यानंतर मराठी सिनेमाला तो मान पुन्हा मिळायला 'श्वास' यावा लागला, म्हणजे थेट २००४ साल.

त्या पाच बक्षिसांच्या यादीत गाणारे नव्हते. 'चोरी चोरी'च्या संगीताचं फिल्मफेअर शंकर-जयकिशनना जाहीर झालं, तेव्हा सोहळ्यात 'रसिक बलमा' गाण्यासाठी लता मंगेशकरांना विचारलं गेलं. त्यांनी नकार दिला. पार्श्वगायकाला तुमच्याकडे बक्षीसच नाही, तर मी का गाऊ, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. १९५९ मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला, 'मधुमती'मधल्या गाण्यासाठी. स्त्री-पुरुष मिळून एकच, पण सुरू झाला. पुढे १९७० च्या सुमारास त्यांनीच सांगितलं की आता मला नको, नव्यांना द्या.

दुसरी गोष्ट प्राण यांची. १९७३ मध्ये 'बेईमान'साठी सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर त्यांना जाहीर झालं. त्यांनी ते घेतलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की संगीताचा पुरस्कार 'पाकीजा'च्या गुलाम मोहम्मद यांना मिळायला हवा होता. गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच वारले होते. 'पाकीजा' पडद्यावर आलेलाही त्यांनी पाहिला नाही. आणि संगीताचा तो पुरस्कार गेला 'बेईमान'लाच! म्हणजे हयात नसलेल्या माणसाच्या हक्कासाठी प्राण यांनी आपल्याच सिनेमाच्या विजयावर बोट ठेवलं आणि स्वतःचं बक्षीस सोडलं.

हे दोघं पुरस्काराला कंटाळले नव्हते. पुरस्काराकडून त्यांची अपेक्षा आपल्यापेक्षा जास्त होती. ज्याचं काम दिसतं पण नाव दिसत नाही, त्याचं नाव पुढे आणायचं, ही ती अपेक्षा.

आता त्याच काळातली उलट बाजू. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, ऋषी कपूर यांना 'बॉबी'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तो आपण विकत घेतला होता, हे त्यांनी २०१७ च्या आत्मचरित्रात शरमेनं कबूल केलं. तेव्हा 'पूर्वी सगळं स्वच्छ होतं' हे रडगाणं मी गाणार नाही. पूर्वीही गडबडी होत्या. पण कोणाचं नाव राहिलं यावर भांडणारी माणसंही होती.

नव्वदच्या दशकात केबल आलं आणि चित्र पालटलं. स्क्रीन, झी सिने, मग २००० मध्ये लंडनहून आयफा. सोहळे वाढले, रात्री लांबल्या. प्रायोजकाला तारे हवेत आणि वाहिनीला नाच. मग वेळ कुठून काढायचा? संकलक, ध्वनिमुद्रक, कपडे करणारे यांच्यातून. ही फक्त आपलीच तऱ्हा नाही. २०२२ च्या ऑस्करमध्ये संकलन, ध्वनी, मूळ संगीत यांसह आठ पुरस्कार थेट प्रक्षेपणाआधीच देऊन टाकले आणि नंतर तुकड्यांनी दाखवले. इतकी टीका झाली की पुढच्या वर्षी ते परत थेट आणावे लागले.

राष्ट्रीय पुरस्कारही यातून सुटले नाहीत. मे २०१८ मध्ये ऐन वेळी कळलं की राष्ट्रपती फक्त अकरा पुरस्कार स्वतः देणार, बाकीचे मंत्री देतील. पन्नासहून अधिक विजेते समारंभाला गेलेच नाहीत. ज्याच्या आयुष्यात असा दिवस एकदाच येतो, त्याला आपण 'बाकीचे' आहोत हे त्याच दिवशी सांगितलं गेलं.

आणि भानू अथैया? त्यांचं ऑस्कर अनेक वर्षं मुंबईत होतं. आपल्यामागे ते नीट जपलं जाईल याचा त्यांना भरवसा वाटेना. २०१२ मध्ये त्यांनी ते सांभाळण्यासाठी अकॅडमीकडे परत पाठवलं. २०२० मध्ये त्या गेल्या. 'सी.आय.डी.', 'प्यासा', 'गाईड', 'लेकिन', 'लगान', किती नावं घ्यावीत. एवढ्या सिनेमांना कपडे घालणाऱ्या बाईला आपली एक बाहुली ठेवायला इथे खात्रीची जागा सापडली नाही.

ही बातमी मी आत्याला फोनवर सांगितली होती. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं केलं बाईनं. हितं कुणी पुसलं बी नसतं." तिचं कात्रण मात्र अजून खणात आहे, पिवळं पडून घडीवर फाटलेलं. तिने त्याला मागून कॅनव्हासची पट्टी चिकटवली आहे, कॉलरला लावतात तशी.

सोहळे मी आता बघत नाही. मोबाइलवर सिनेमा संपला की श्रेयनामावली आक्रसून कोपऱ्यात जाते आणि पुढचं काहीतरी सुरू होण्याची उलटी मोजणी लागते. त्या छोट्या चौकटीवर बोट ठेवलं की नावं पुन्हा पडदाभर होतात. गेल्या दिवाळीत आत्या शेजारी बसली होती, डोळ्यांना आता कमी दिसतं तिला. मी नावं वाचून दाखवत होतो. वेशभूषेपाशी आलो, तर म्हणाली, "थांब. सहाय्यकांची पण वाच."

बरीच होती. सगळी वाचली.