एपस्टाइन प्रकरण : करार आधी, पत्रे नंतर

अमेरिकेतील धनाढ्य जेफ्री एपस्टाइन याच्याविरुद्धच्या अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात सरकारी पत्रव्यवहारच महत्त्वाचा पुरावा ठरला. फ्लोरिडातील केंद्रीय सरकारी वकिलांनी सप्टेंबर २००७ मध्ये त्याच्याशी खटला न भरण्याचा करार केला. जानेवारी २००८ मध्ये ‘एफबीआय’ने काही पीडितांना पत्रे पाठवून तपास सुरू असल्याचे कळविले आणि धीर धरण्याची विनंती केली. कराराचा उल्लेख त्यात नव्हता. जून २००८ मध्ये एपस्टाइनने राज्य न्यायालयात दोन गुन्हे कबूल केले. १८ महिन्यांच्या शिक्षेपैकी सुमारे १३ महिनेच त्याने भोगली.

पीडितांनी जुलै २००८ मध्ये न्यायालयात धाव घेतली. दोन्ही बाजूंच्या वकिलांचे ई-मेल तेथे उघड झाले. करार दडवून पीडितांच्या हक्कांचा भंग झाल्याचा निर्णय न्यायाधीश केनेथ मारा यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला. एपस्टाइन ऑगस्ट २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोठडीत मरण पावला.

मात्र, केंद्रीय खटलाच दाखल झाला नसल्याने पीडितांना स्वतंत्र दाद मागता येत नाही, असे अपील न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये ठरविले. ज्या कराराने खटला टळला, त्यामुळेच पीडितांचा दावाही निकालात निघाला. सरकारी कागदपत्रे खुली करण्याचा कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला.