अतिमानवाचा मालक कोण?

अमेरिकन चित्रकथांतील अतिमानव हा विषय सांस्कृतिक मासिकात गंभीरपणे मांडण्याजोगा आहे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अंगाला घट्ट बसणारा रंगीत पोशाख घालून आकाशात विहार करणारे हे वीर म्हणजे पोरखेळ, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. परंतु या पोरखेळाच्या मागे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चाललेला एक झगडा आहे. कल्पना ज्याच्या मनात जन्मली तो आणि ती कल्पना ज्याने कागदावर छापून विकली तो, या दोघांत अधिकार कोणाचा, हा त्या झगड्याचा विषय होय. प्रस्तुत लेखक व्यवसायाने वकील आणि आवडीने या चित्रकथांचा वाचक आहे. त्यामुळे पुढील विवेचनात कायद्याची शिस्त आणि चाहत्याचा पक्षपात ही दोन्ही आढळतील. पक्षपात कोठे आहे ते वाचकांना सहज ओळखता येईल.

आपल्याकडे या वीरांचा परिचय मुख्यतः ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने करून दिला. १९६४ साली सुरू झालेली ही माला १९९० पर्यंत चालली. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’ हा तिचा प्रमुख नायक. हिंदी आवृत्तीत तो ‘वेताल’ झाला. आमोण्याच्या किंवा लोलयेच्या वेताळापुढे हात जोडणाऱ्या घरांतील मुलांना हे नाव काही परके वाटण्याजोगे नव्हते. मात्र या वेतालाची मालकी ना अरण्याकडे होती, ना वाचकांकडे. ती न्यूयॉर्कमधील ‘किंग फीचर्स’ या वृत्तपत्रांना चित्रमालिका पुरविणाऱ्या संस्थेकडे होती. देव आणि वीर यांतील पहिला मोठा फरक येथेच दिसतो. चित्रकथेतील वीर हा प्रथमपासून कोणाची तरी मिळकत असतो.

या मिळकतीच्या इतिहासातील मूळ दस्तऐवज १ मार्च १९३८ या दिवसाचा आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोन तरुण राहत असत. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील, दोघांचाही जन्म १९१४ चा, आणि दोघांची ओळख शाळेत झालेली. सीगल कथा लिही, शुस्टर चित्रे काढी. ‘सुपरमॅन’ या नावाची त्यांची पहिली कथा १९३३ साली त्यांच्याच हस्तोद्योगी नियतकालिकात आली. तीतला नायक दुष्ट होता. पुढे त्यांनी त्याचा सज्जन, दुर्बलांचा कैवारी असा कायापालट केला. वृत्तपत्रांना चित्रमालिका पुरविणाऱ्या संस्थांनी वर्षानुवर्षे ही कल्पना नाकारली. अखेरीस ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या कंपनीने तेरा पानांची कथा पानामागे १० डॉलर या दराने, म्हणजे १३० डॉलरांना घेतली. ती ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात छापली गेली.

हा केवळ तेरा पानांचा मोबदला नव्हता. त्याबरोबर सही झालेल्या लेखाने सुपरमॅनचे सारे हक्क कायमचे कंपनीकडे गेले. कायद्याच्या भाषेत सांगावयाचे तर ते मुदतीचे भाडेपत्र नव्हते, ते खरेदीखत होते. ज्या धनादेशात हे १३० डॉलर अंतर्भूत होते तो एकूण ४१२ डॉलरांचा होता आणि त्यावर दोन्ही तरुणांच्या नावांतील अक्षरे चुकलेली होती. हाच धनादेश २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरांना विकला गेला, आणि ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या त्या पहिल्या अंकाच्या एका प्रतीस २०१४ साली ३२ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. कागदाचे मोल असे वाढले. तो कागद ज्यांच्या श्रमाने भरला त्यांचे मोल मात्र त्या प्रमाणात वाढले नाही.

येथे प्रकाशकाची बाजूही मांडली पाहिजे, कारण एकतर्फी हुकूमनामा कोणालाच शोभत नाही. इतर सर्वांनी नाकारलेल्या कथेवर पैसा लावण्याचे धाडस या कंपनीने केले. सुपरमॅन चालला नसता तर नुकसान तिचेच होते. शिवाय आज आपण ज्याला सुपरमॅन म्हणून ओळखतो तो एकट्या सीगल-शुस्टर यांचा नाही. प्रथम तो उडत नसे, लांब उड्या मारीत असे. त्याचे उड्डाण, त्याला हतबल करणारे क्रिप्टोनाइट, या गोष्टी नभोवाणी आणि चलच्चित्रे यांच्याद्वारे पुढे इतरांच्या हातून रूढ झाल्या. क्रिप्टोनाइट तर १९४३ साली नभोवाणीवरील कार्यक्रमातून आले. अनेक हातांनी वाढविलेल्या वृक्षाची सारी फळे बी पेरणाऱ्यानेच घ्यावीत, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, बी पेरणाऱ्याला सावलीतूनही हाकलावे काय?

दुर्दैवाने घडले ते असेच. महायुद्धाच्या काळात सीगल सैन्यात असताना कंपनीने ‘सुपरबॉय’ हे पात्र छापण्यास आरंभ केला. ही कल्पना सीगलने पूर्वीच सुचविलेली होती. १९४७ साली दोघांनी न्यूयॉर्क राज्यातील न्यायालयात दावा लावला. सुपरमॅनविषयीचे १९३८ चे हस्तांतर न्यायालयाने वैध ठरविले. सुपरबॉयविषयी मात्र निर्णय सीगलच्या बाजूने झाला. १९४८ साली सुमारे ९४,००० डॉलर घेऊन तडजोड झाली आणि दोघांनी सर्व हक्कांवर पाणी सोडले. त्यानंतर सुपरमॅनच्या कथांवरून त्यांची नावेही काढून टाकण्यात आली. सीगलला पुढे १९५९ पासून काही वर्षे त्याच कंपनीसाठी, आपल्याच नायकाच्या कथा, नावाशिवाय, पानाच्या दराने लिहाव्या लागल्या. शुस्टरची दृष्टी अधू होत गेली.

प्रकाशकांनी आपसांत काय केले तेही पाहण्यासारखे आहे. फॉसेट या संस्थेने १९४० साली ‘कॅप्टन मार्व्हल’ हा वीर आणला. बिली बॅट्सन हा पोर ‘शझॅम’ हा मंत्र उच्चारतो आणि त्याच्या ठायी सॉलोमनचे शहाणपण, हर्क्यूलिसचे बळ, ॲटलासचा दम, झ्यूसचे सामर्थ्य, अकिलिसचे धैर्य आणि मर्क्युरीचा वेग एकवटतो. या सहा नावांच्या आद्याक्षरांचाच तो मंत्र. बीजाक्षरांची परंपरा ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना ही युक्ती आवडावी, लेखकाला तरी ती फारच आवडते. हा वीर इतका लोकप्रिय झाला की खपात तो सुपरमॅनलाही मागे टाकू लागला. १९४१ साली सुपरमॅनच्या मालकांनी नक्कल केल्याचा दावा लावला. १९५१ साली अपिलात लर्नेड हँड या विख्यात न्यायमूर्तींनी असे ठरविले की सुपरमॅनवरील स्वामित्वहक्क सोडून दिलेला नाही, मात्र नक्कल झाली की नाही हे कथागणिक तपासले पाहिजे. तोवर असल्या मासिकांचा खप उतरला होता. १९५३ साली फॉसेटने ४,००,००० डॉलर देऊन कॅप्टन मार्व्हल बंद केला. पुढे १९७२ साली सुपरमॅनच्याच मालकांनी तो वापरण्याचा परवाना घेतला. दरम्यान १९६७ साली दुसऱ्याच एका प्रकाशकाने, मार्व्हल कंपनीने, ‘कॅप्टन मार्व्हल’ हे नाव उचलले होते, म्हणून मूळच्या वीराला मुखपृष्ठावर आपल्या मंत्राच्या नावाने यावे लागले. नाव गमावलेला वीर आपल्या मंत्रावर जगला, असा हा विलक्षण योग आहे. या साऱ्या खटल्यात त्याचे निर्माते सी. सी. बेक आणि बिल पार्कर हे हक्कदार म्हणून कोठेच नव्हते.

१९७५ साली ‘सुपरमॅन’ या भव्य चित्रपटाची वार्ता पसरली तेव्हा सीगल कारकुनी करीत होता. त्याने वर्तमानपत्रांकडे आपली कैफियत धाडली. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे व्यंगचित्रकार त्याच्या पाठीशी उभे राहिले. वर्षअखेर कंपनीने दोघांना प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलर निवृत्तिवेतन देण्याचे मान्य केले आणि त्यांची नावे पुन्हा कथांवर आणली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, दोघे न्यायालयात आधीच हरलेले होते. १९७४ साली अपिलातही निकाल विरुद्धच गेला होता. त्यांना जे मिळाले ते कायद्याने नव्हे, लोकलज्जेने मिळाले.

पुढे कायदाही थोडा बदलला. १९७६ च्या अमेरिकन कायद्याने जुनी हस्तांतरे ठराविक काळानंतर संपुष्टात आणण्याचा हक्क निर्मात्यांना व त्यांच्या वारसांना दिला. सीगलच्या वारसांनी १९९७ साली नोटीस दिली. २००८ साली त्यांना मोठे यश आले, परंतु २०१३ साली अपील न्यायालयाने २००१ सालची तडजोड बंधनकारक मानून ते यश हिरावून घेतले. जॅक कर्बी यांच्या वारसांची कथा याहून कठीण. ‘फँटॅस्टिक फोर’सारख्या वीरमंडळाची निर्मिती कर्बी यांनी स्टॅन ली यांच्यासह केली. परंतु त्यांचे काम प्रकाशकाच्या सांगण्यावरून व खर्चाने झालेले, म्हणून ते मूळचेच प्रकाशकाचे, असा निर्णय २०१३ साली अपिलात झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना तडजोड झाली. आणि ‘बॅटमॅन’? १९३९ च्या या नायकाचे श्रेय करारान्वये एकट्या बॉब केन यांना मिळे. ज्याने त्याला बरेचसे रूप दिले तो बिल फिंगर १९७४ साली हलाखीत वारला. त्याचे नाव केनच्या नावाशेजारी अधिकृतपणे आले ते २०१५ साली.

या ठिकाणी कोणी म्हणेल की, नावाचा एवढा आग्रह कशाला? आमच्या मंदिरांतील शिल्पकारांनी कोठे नावे कोरली? हा आक्षेप ऐकावयास गोड आहे, पण पुरता खरा नाही. बेलूरच्या मंदिरात बळ्ळिगावीच्या दासोजाचे आणि त्याचा पुत्र चावण याचे नाव कोरलेले आढळते. सोमनाथपूरच्या मूर्तींवर मल्लितम्माचे नाव ठिकठिकाणी आहे. होयसळांच्या राज्यात मूर्ती देवाची झाली तरी हात कोणाचा हे लपविण्याची गरज कोणास वाटली नाही. मूर्ती एकदा प्रतिष्ठित झाली की ती शिल्पकाराची राहत नाही, दात्याचीही राहत नाही. आपल्या कायद्यात मूर्तीला स्वतःचे व्यक्तित्व आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने हे तत्त्व एका कौटुंबिक मूर्तीच्या वादात स्पष्ट केले, आणि तिच्या हिताचा स्वतंत्रपणे विचार व्हावा असे सांगितले. सेवाईत हा देवाच्या वतीने कारभार पाहतो, देव विकू शकत नाही. लेखकाला अनेकदा वाटते की, सुपरमॅनला मालकाऐवजी सेवाईत लाभला असता तर हा सारा इतिहास वेगळा घडला असता.

आपला स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा. त्याच्या ५७ व्या कलमानुसार हक्क विकल्यानंतरही आपण कर्ता असल्याचे सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने १९७९ साली उखडले, तेव्हा याच कलमाच्या आधारे २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना शिल्पाचे अवशेष परत देवविले आणि पाच लाखांची भरपाईही. शिवाय १९९४ च्या दुरुस्तीप्रमाणे हस्तांतराच्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच मानली जाते. हे पुरेसे आहे असे नव्हे. लेखात ‘कायमचे’ हा शब्द लिहिला की पाच वर्षांचे संरक्षण संपते, आणि नवख्या लेखकापुढे ठेवल्या जाणाऱ्या कागदावर हा शब्द सहसा छापलेलाच असतो. आपल्यात जे तरुण कथा लिहितात, चित्रे काढतात, त्यांनी सही करण्यापूर्वी मुदत, प्रदेश आणि नाव या तीन गोष्टी पाहाव्यात, एवढे सांगितल्याशिवाय वकिलाला राहवत नाही.

सुपरमॅनच्या पहिल्या कथेवरील अमेरिकन स्वामित्वहक्काची मुदत २०३३ च्या अखेरीस संपेल, आणि १ जानेवारी २०३४ पासून त्या कथेतील, उड्या मारणारा, न उडणारा सुपरमॅन सर्वांचा होईल. त्याच्या नावाची व चिन्हाची व्यापारमुद्रा कंपनीकडेच राहील, त्यामुळे वाद मिटतील असे नाही. पण तेव्हा कोणीही त्याची नवी कथा लिहू शकेल. शुस्टर १९९२ साली आणि सीगल १९९६ साली निवर्तले. त्यांना या दिवसाचा काही उपयोग नाही. ज्यांना आहे त्यांनी आपल्या कथेच्या पहिल्या पानावर ती दोन नावे छापावीत. ते कायद्याने बंधनकारक नसेल, पण देणे आहे.