खाटेपासून अंगणापर्यंत: हृदय-पुनर्वसनाची वाटचाल

हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाने कित्येक आठवडे खाटेवर पडून राहावे, असा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दंडक होता. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन व बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला. पुढे देखरेखीखालील व्यायाम रूढ झाला. १९९२ मध्ये एडिंबरोच्या ‘हार्ट मॅन्युअल’ या मार्गदर्शिकेने सहा आठवड्यांचा पुनर्वसन-कार्यक्रम घरी नेला. भारतात २४ रुग्णालयांतील ‘योग-केअर’ चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले: योगाधारित पुनर्वसन घेतलेले रुग्ण पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या प्रकारे परतले, मात्र मृत्यू व पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही.

खान्देशात धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून आहे. जळगावात ते २०१८ मध्ये आले. तरी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून देखरेखीखालील व्यायामासाठी शहरात वारंवार खेटे घालणे परवडत नाही; म्हणून तेथे घरच्या पुनर्वसनाला महत्त्व. त्याला खान्देशी वळण द्यावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा चालणे उजाडतानाच उरकावे. शेवभाजीतले तेल आणि पापड-लोणच्यातले मीठ आवरावे. व्यायामाची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. छातीत दुखू लागल्यास तत्काळ थांबून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.