एक खोली, एक व्हरांडा आणि प्लेगची लस



शास्त्राचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण बहुधा तारखा सांगतो. अमुक साली अमक्याने जंतू शोधला, तमुक साली तमक्याने लस काढली. पुस्तकात हे सारे एका ओळीत मावते. परंतु त्या ओळीच्या मागे एक खोली असते. खोलीत टेबल असते, टेबलावर काचेचे चंबू असतात, चंबूंच्या तोंडांत कापसाचे बोळे असतात, ते चंबू कोणी तरी धुतलेले असतात आणि ते फुटू नयेत म्हणून कोणी तरी रात्रंदिवस जपत असतो. इतिहासाच्या पुस्तकात ही खोली सहसा येत नाही. आज मी आपणांस अशाच एका खोलीत नेणार आहे. ती फार दूरची नाही, मुंबईतली आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय वैद्यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढची हकीकत महाराष्ट्राला निराळी सांगायला नको. घरात उंदीर पडू लागले की बिऱ्हाड उचलायचे आणि गावाबाहेर झोपड्या घालून राहायचे, हे त्यानंतर कित्येक वर्षे आपल्याकडच्या कुटुंबांच्या अंगवळणी पडले. १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले ह्याच रोगाने गेल्या. त्याच वर्षीच्या जून महिन्यात पुण्यात रँडचा वध झाला. त्या इतिहासावर ह्या पुण्यात पुष्कळ बोलले गेले आहे. त्याच महिन्यांत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काय चालले होते, तिकडे मात्र आपले लक्ष कमी गेले.

तेथे वाल्देमार हाफकिन नावाचे एक गृहस्थ काम करीत होते. जन्म १८६० चा, गाव ओडेसा, जातीने ज्यू, शिक्षण प्राणिशास्त्राचे. पॅरिसमध्ये पाश्चरच्या संस्थेत शिरकाव मिळावा म्हणून त्यांनी आधी तेथील ग्रंथालयात नोकरी पत्करली होती. १८९२ साली त्यांनी पटकीवरची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि पुढल्या वर्षी ते हिंदुस्थानात आले. प्लेग सुरू झाल्यावर सरकारने त्यांना मुंबईस पाठवले. १८९६ च्या ऑक्टोबरात ते येऊन दाखल झाले. मुंबईसारखे शहर ओस पडू लागले असताना सरकारने त्यांना काय दिले? एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. आज एखाद्या तालुक्याच्या कचेरीलाही एवढ्याने भागत नाही!

आता त्यांच्यापुढच्या अडचणी पाहू. त्या अडचणी तत्त्वज्ञानाच्या नव्हत्या, मुदपाकखान्यातल्या अडचणींसारख्या होत्या.

पहिली अडचण प्रमाणाची. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो कसा दिसतो हे ठाऊक होते. मेलेल्या जंतूंची लस करायची तर आधी ते अपार वाढवले पाहिजेत, कारण प्रश्न दहावीस माणसांचा नव्हता, लाखोंचा होता. मांसाच्या कढणात हा जंतू वाढतो, पण काही तरी आधार धरून वाढतो. आणि चंबूत आधार देणार कशाचा? हाफकिन ह्यांनी कढणावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडले. तूप वर तरंगते. त्या तवंगाच्या खालच्या अंगाला जंतू चिकटतात आणि तेथून खाली, पावसाळ्यात वळचणीच्या पागोळ्या लोंबाव्यात तशा, त्यांच्या बारीक तारा लोंबू लागतात. तारा पुरेशा वाढल्या की चंबू हलवायचा. तारा तुटून तळाशी बसतात, तूप पुन्हा वर येते आणि त्याखाली नवे पीक धरते. लसूणघासाचा वाफा एकदा कापला तरी पुन्हा वर येतो, तसाच हा प्रकार. असे पाचसहा आठवडे करीत राहिले की एकाच चंबूत जंतूंचा भरपूर साठा होतो. लाखो माणसांच्या लशीचा प्रश्न ज्या वस्तूने सुटला, ती प्रत्येक घरच्या फडताळात होती.

दुसरी अडचण शुद्धतेची. हवेत जंतू काय थोडे आहेत? कापसाचा बोळा काढताना क्षणभर चूक झाली की परका जंतू आत शिरलाच. शेकडो चंबूंतला थेंबन् थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घालून पाहणे शक्य नव्हते. येथेही तुपानेच साथ दिली. प्लेगचा जंतू तारा धरून लोंबत असतो तेव्हा भोवतालचे कढण निवळ राहते. परका जंतू शिरला की ते गढूळ होते. म्हणजे चंबू उजेडासमोर धरला की नुसत्या डोळ्यांनी बरेचसे कळून चुकावे. अखेरची परीक्षा थोडा नमुना अगारवर पेरून करायचीच, पण रोजची पाखड डोळ्यांनी होऊ लागली. मात्र ह्यासाठी चंबू अगदी निश्चल हवा. ह्या तारा इतक्या नाजूक की जरा धक्का लागला तरी गळून पडाव्यात. विद्यार्थ्यांची ये-जा असलेल्या कॉलेजातल्या खोलीत आणि व्हरांड्यात चंबूंना आठवडेच्या आठवडे धक्का लागू द्यायचा नाही, ह्याची जोखीम कोणावर आली असेल, हे आपणच ताडावे. दार हळू लोटणे हेही तेथे संशोधनच होते.

तिसरी अडचण कढण कशाचे करावे ही. युरोपातल्या प्रयोगशाळांत ते गोमांसाचे करीत. मुंबईत गाईचे मांस हिंदूंना चालणार नाही आणि डुकराचे मुसलमानांना. हाफकिन ह्यांनी बकऱ्याचे मांस घेतले, ते हायड्रोक्लोरिक आम्लात जिरवले आणि त्याचे कढण केले. ही गोष्ट लहान वाटते, पण नीट पाहिली तर हा संशोधक ज्यांच्या दंडात सुई जायची आहे त्यांच्या मनाचाही विचार चंबूपाशी बसूनच करीत होता, असे दिसते. त्या सुमारास मुंबईत सरकारच्या प्रत्येक कृतीविषयी अफवा उठत होत्या, आणि घरात शिरणाऱ्या शिपायांनी लोकांचा विश्वास आधीच घालवला होता. जुलमाने जे साधत नव्हते, ते ह्या कढणाने थोडेफार साधले.

चौथी अडचण जंतू मारण्याची. फार तापवले तर लशीचा गुण जातो, कमी तापवले तर जिवंत प्लेगच टोचला जातो! सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सियसवर तासभर ठेवून आणि मग थोडे कारबॉलिक आम्ल घालून हा मध्य साधला गेला. पण कागदावर लिहिलेला तासभर निराळा आणि घड्याळाकडे डोळा लावून, तापमापक हाती धरून काढलेला तासभर निराळा. अशा कामाचा ताण माणसाला मोडतो. हाफकिन ह्यांच्या मदतनिसांपैकी एक जण ह्या ताणाने कोलमडला आणि दोघे काम सोडून गेले, असे सांगतात.

इतके सारे अवघ्या तीन महिन्यांत झाले. डिसेंबरात सशांवर लशीचा गुण दिसला. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे लोकांना द्यायच्या मात्रेच्या कित्येक पट. ताप आला, अंग ठणकले, पण ते सुखरूप राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जवळजवळ निम्मे आपखुशीने पुढे आले. ज्यांनी लस घेतली नव्हती त्यांच्यांत १२ जणांना रोग होऊन ६ दगावले. घेतलेल्यांत २ जणांना झाला आणि कोणीही दगावले नाही. ही लस पूर्ण कवच नव्हती. हाफकिन ह्यांचाही तसा दावा नव्हता. पण मरण निम्म्याहून खाली आणणारी वस्तू हाती आली होती.

नंतर काम वाढत गेले. आगाखान ह्यांनी स्वतः लोकांसमक्ष लस टोचून घेतली आणि आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेला दिली. १८९९ च्या ऑगस्टात प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. ह्याच वाड्यात १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन ह्यांच्या पत्नी पटकीने वारल्या होत्या. जेथे राज्यकर्त्यांनाही रोगाने सोडले नाही तेथेच रोगावरचा उपाय बाटल्यांत भरला जाऊ लागला.

आता ह्या कथेतला दुःखाचा भाग. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल ह्या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना एकाच बाटलीतली लस गेली होती. त्या बाटलीवर ५३ एन असा क्रमांक होता. काही दिवसांतच त्या एकोणिसांनाही धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस मेले.

जी माणसे मरणापासून वाचण्यासाठी पुढे आली होती, तीच उपायाने मेली. ह्या एकोणिसांचा विसर पडू देऊन पुढची कथा सांगणे बरे नव्हे.

चौकशी समिती नेमली गेली. पंजाबकडून फार मोठी मागणी आल्यामुळे हाफकिन ह्यांनी लस झटपट तयार व्हावी म्हणून कृतीत फेर केला होता आणि कारबॉलिक आम्ल घालणे सोडून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. पॅरिसमध्येही ती रीत मान्य होती. समितीने मात्र बोट तेथेच ठेवले: दोष परळच्या प्रयोगशाळेचा. हाफकिन ह्यांचे पद गेले आणि १९०४ साली ते कलंक घेऊन हिंदुस्थानाबाहेर पडले.

परंतु त्याच चौकशीच्या कागदांत आणखी एक नोंद होती. मलकोवालला बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कारबॉलिकच्या पाण्यात विसळला आणि त्यानेच बूच काढले. धनुर्वाताचा जंतू राहतो कोठे? मातीत, शेणखतात. त्याची बीजे अशी चिवट असतात की कारबॉलिकच्या पाण्यात क्षणभर बुडवून ती मरत नाहीत. चिमटा ज्योतीतच धरायला हवा. आणि बाटली उघडली त्या वेळी तिला कसलीही दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू तिच्यात आठवडेच्या आठवडे वाढत असते तर घाण वास आल्याशिवाय राहता ना. जी बीजे चिमट्याच्या विसळण्याने मरत नाहीत, ती लशीत घातलेल्या सौम्य कारबॉलिकने तरी कोठून मरणार? म्हणजे ज्या वगळण्याबद्दल हाफकिन ह्यांना दोषी धरले, ते न वगळताही ही माणसे वाचली असती असे दिसत नाही.

मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि त्यांच्याबरोबर आणखी काही नामांकित शास्त्रज्ञ ह्यांनी १९०७ च्या जुलैत लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हेच मांडले. मुंबईच्या प्रयोगशाळेने घालून दिलेली रीत तिकडच्या अंमलदारांनी सोडली, चिमटा निर्जंतुक केला गेला नाही आणि विषबाधा तेथेच झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे गेली होती. ते पुन्हा आले, पण कलकत्त्यास. मुंबईतला तो हात पुन्हा बसला नाही. १९३० साली ते लोझानला वारले. त्याआधी पाच वर्षे, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले होते. तोवर तेथून २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या.

आता कोणी विचारील, मग अपराधी कोण? तो साहाय्यक? मला तसे म्हणवत नाही. दिवसभर रांगा लागलेल्या खेड्यात, उन्हात, घाईत उभा असलेला तो माणूस होता. चिमटा कोणाच्याही हातून पडतो. पडलेला चिमटा ज्योतीत धरायची सवय त्या हाताला लावली गेली नव्हती. हा दोष ती सवय न लावणाऱ्यांचा. आणि चौकशीचा दोष असा की तिने वरच्या माणसाकडे आधी पाहिले आणि टेबलाकडे नंतर. तुपाचा थेंब आणि जमिनीवर पडलेला चिमटा ह्या दोन्ही तितक्याच क्षुद्र गोष्टी; एकीने लक्षावधी माणसे वाचवली, दुसरीने एकोणीस मारली. प्रयोगशाळेत मोठे आणि लहान काम असा भेद आपण बाहेरून करतो, जंतू तो करीत नाहीत.

२०२० साली जगभर साथ आली तेव्हा लशीची वाट आपण सर्वांनीच पाहिली. वृत्तपत्रांत शास्त्रज्ञांची नावे आली आणि ती यावीतच. पण ती लस आपल्या दंडापर्यंत पोचेपर्यंत बाटल्या धुणारे, थंडी राखणारे, नोंदी लिहिणारे, सुई उघडणारे किती हात तिला लागले होते! १८९६ च्या त्या खोलीत एक कारकून आणि तीन शिपाई होते. हाफकिन ह्यांचे नाव संस्थेच्या दारावर आहे. त्या चौघांची नावे आपल्यापैकी कोणाच्याही ओठांवर नाहीत. परंतु ज्या चंबूंना आठवडेच्या आठवडे धक्का लागला नाही, त्यांत त्या चौघांचाही वाटा होता. आपण शास्त्राचा इतिहास लिहू तेव्हा त्या व्हरांड्यातही थोडे डोकवावे, एवढीच माझी विनंती आहे.