कोडची अक्षरं एकाच मापाची का?

मागच्या आठवड्यात मी कोडमधल्या टेबलात मराठी शब्द टाकले आणि सगळे कॉलम वाकडे झाले. तासभर स्पेस देत बसलो. मग लक्षात आलं, हे दुखणं टाइपरायटरपासूनचं आहे.

टाइपरायटरचा गाडा प्रत्येक अक्षराला सारखाच सरकायचा, मग 'आय' असो की 'डब्ल्यू'. १९२८ मध्ये आयबीएमनं ८० कॉलमचं पंचकार्ड आणलं, एका अक्षराला एक कॉलम. फोरट्रानमध्ये तर जागेलाच अर्थ होता. पहिले ५ कॉलम क्रमांकाला, सहावा 'ओळ पुढे चालू' या खुणेला, आणि ७ ते ७२ मध्ये खरा कोड. एक घर चुकलं की कार्ड परत पंच करा! १९५० च्या दशकात हॉवर्ड केटलरनं आयबीएमसाठी कुरियर फाँट घडवला, तोही टाइपरायटरसाठीच. आज ब्राउझरमधला कोडसुद्धा बहुतेक वेळा त्याच सारख्या घरांमध्ये बसतो.

पण त्यात 'क्षि' कुठे बसवणार? युनिकोडमध्ये क, हलंत, ष आणि वेलांटी असे चार तुकडे, डोळ्याला मात्र एकच अक्षर. एडिटर बिचारा किती घरं मोजणार?

मी शेवटी मराठी शब्द टेबलाबाहेर काढले. काम झालं, पण अजून खटकतंय.